न लिहिलेला पितर

माझ्या सासरी पितर काढत नसत, लिहीत असत. हा फरक मला लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला कळला, आणि तोही चारचौघींदेखत कानउघाडणी होऊन. मी धुळ्याची. शाळेत चित्रकलेला पहिली यायचे आणि त्याचा मला जरा ताठाच होता. जळगावजवळच्या असोद्याच्या त्या घरात सासूबाई भिंतीपुढे पाटावर बसून गेरूने माणसं रेखत होत्या. त्यांच्या माणसांचे हात मला आखूड वाटले. मी म्हटलं, "आत्याबाई, एक मी काढू का?"

त्यांनी काडी वाटीत ठेवली. "रांगोळी काढता, बाई. पितर लिव्हता. काढेल पुसता येते, लिव्हेल पुसता येत नही." मग शेजारच्या बायकांकडे वळून म्हणाल्या, "धुळ्याची हाये ना. तठी 'हाये'ले 'शे' म्हनता, समजत काहीच नही." बायका हसल्या. मी वर तोंड करून उत्तर देणार होते, पण मोठ्या जाऊबाईंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, मागून माझा पदर ओढला. घरातलं माझं पहिलं भांडण असं जन्मायच्या आधीच विझलं.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खानदेशात तो माहेरवाशिणींचा आणि झोक्यांचा सण, तसाच मेलेल्यांचाही. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर लहान मडकं, त्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवायची, चुलीतल्या निखाऱ्यांवर घास टाकायचा. वैशाखात जिवंत माणसाची जीभ टाळूला चिकटते, तिथे मेलेल्यांचं काय होत असेल, असा त्यामागचा साधा विचार. हे सगळीकडे आहे. आमच्या घरात मात्र घागरीमागची भिंत शेणाने सारवून, पांढऱ्या मातीचा हात देऊन, तिच्यावर घरातला एकेक पितर लिहायची रीत होती. सापाने गेलेले एक आजे होते, त्यांच्या पायाशी साप. बाळंतपणात गेलेल्या एक चुलतसासू होत्या, त्यांच्या कडेवर मूल. सात पिढ्यांपूर्वीचा एक जण नुसताच उभा असे, त्याचं काही कुणाला आठवत नव्हतं, तरी त्याची जागा कुणी घेत नसे. वर्षभर ती भिंत तशीच राही आणि आम्ही तिच्यासमोरच पाणी भरत असू.

डोळे सगळ्यांत शेवटी. अंग गेरूचं, कपडे तांदळाच्या पिठाचे आणि डोळे काजळाचे. डोळे लिहिले की पितराला आपली घागर दिसते. तोवर ते नुसतं गेरूचं रेखाटन. आत्याबाई डोळ्यांचे ठिपके देताना श्वास रोखत, आणि मी कितीही शहाणी असले तरी त्या वेळी माझ्याही अंगावर काटा येई.

माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली तेव्हा आत्याबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. त्यांनी शिंदीची काडी माझ्या हातात दिली. अक्का थोरल्या, मान त्यांचा होता. पण अक्का म्हणाल्या, "माह्या हाताले वळण नही. तिले द्या." मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पुढे कळलं की हाताला वळण नव्हतं हे काही खरं कारण नव्हतं.

आता थोरल्या दिरांचं, म्हणजे अक्कांच्या यजमानांचं सांगते. ते कराचीला गोदीत कामाला होते. स्वातंत्र्याच्या वर्षी पाऊस लागेपर्यंत त्यांची पत्रं आली, मग बंद झाली. माझं लग्न त्यानंतरचं, म्हणून मी त्यांना पाहिलेलंच नाही. घरात त्यांच्याबद्दल कुणी 'गेले' म्हणत नसे आणि 'येतील' हेही हळूहळू थांबलं. अक्का रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावत, हातात डझनभर हिरव्या बांगड्या घालत. हळदीकुंकवाला त्यांना पहिला मान होता. पण बायका त्यांची ओटी भरताना क्षणभर थबकत, ते मला दिसायचं. मी एकटीच त्यांना म्हणत असे, "येतील हो भाऊजी. इतक्या लांबून यायचं म्हणजे वेळ लागणारच." त्या माझ्याकडे बघून म्हणत, "हो बाई." मला वाटे, मी त्यांना धीर देते आहे.

आत्याबाई दर आखाजीला घागरी भरून झाल्या की दाराकडे तोंड करून बसत. त्यांना दिसत काही नव्हतं, तरी बसत. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "मेला असीन आन् लिव्हला नसीन, त तो दारातच उभा राहीन. आत पाणी दिसीन त्याले, पण पिता येनार नही." भरदुपारची ती गोष्ट. बाहेर झोक्यांवर पोरी गात होत्या. मी दाराकडे बघितलं आणि पुढचा तासभर उंबरा ओलांडला नाही.

भाऊजींची पत्रं थांबून बारा वर्षं होत आली, ते वर्ष वाईटच लागलं. वावटळीत केळीचे घड लागलेले खांब आडवे झाले. नव्या घागरीला दोनदा तडा गेला. चैत्रात कावळे घराभोवती दिसेनासे झाले, असं आत्याबाई म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हाला दिसतात कुठे. त्यावर त्या म्हणाल्या, "ऐकू बी येत नही." मी कान दिला. खरंच येत नव्हते. आणि आखाजीला आठ दिवस असताना माझ्या चार वर्षांच्या मुलाला ताप भरला.

मुदतीचा ताप होता. जळगावहून डॉक्टर आले, औषध दिलं आणि म्हणाले, एकवीस दिवस काढावे लागतील. पोर पहिल्या दिवसापासून एकच मागत होतं, पाणी. चमच्याने पाजलं तरी पाणी, ओठ ओले असले तरी पाणी. आत्याबाई उशाशी बसून ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना हाक मारली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "हे पोरगं मांगत नही हे. तो मांगतो."

आबांनी गुरुजींना बोलावलं. गुरुजींनी बोटं मोजली. बारा वर्षं बेपत्ता राहिलेल्या माणसाला गेला असं धरायचं. आखाजीला भिंतीवर लिहायचं, दुसऱ्या दिवशी नदीवर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यायचा आणि त्याच सकाळी अक्कांच्या बांगड्या फोडायच्या. माझे यजमान म्हणाले, "माय म्हणते तसं करा." आत्याबाई माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "तुह्यासाठी तो दीर व्हईन. मी जनम दिला त्याले. मले काही आवडते का?" त्यांचा आवाज फुटला होता, आणि मला त्यांचा राग धरता येईना.

अक्का चुलीपाशी होत्या. त्यांनी भाकरी उलटली. मला वाटलं, त्या एक शब्द बोलल्या तर मी काडी मोडून टाकीन. त्या बोलल्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर मी मोडली असती का, ते मला माहीत नाही. रात्रंदिवस माझं पोर पाणी मागत होतं. अक्कांचं कुंकू एका बाजूला आणि ते पोर दुसऱ्या बाजूला, आणि मनातल्या मनात माझं तराजू कुठे झुकलं हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याची लाज मला आजही वाटते. पुढे एकविसाव्या दिवशी ताप उतरला, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, इतकंच मी आज म्हणेन. त्या वेळी म्हणायची माझी छाती नव्हती.

आखाजीच्या दिवशी सकाळी मी भिंतीपुढे बसले. एकेक पितर लिहिला. शेवटी उजव्या कोपऱ्यात मोकळी जागा उरली. कसे दिसत भाऊजी, मला माहीत नव्हतं. आबांना विचारलं, तर ते म्हणाले, "उंच व्हता," आणि उठून गेले. मी उंच माणूस लिहिला. डोक्याला टोपी. हातात पाण्याचा लोटा दिला, का ते सांगता येत नाही. मग सगळ्यांचे डोळे दिले, आणि त्याच्यापाशी येऊन हात थांबवला.

मला युक्ती सुचली होती. मी शहाणी ना धुळ्याची. लिहिला म्हणजे पोराला सोडील आणि डोळे नाहीत म्हणजे पुरा पितर नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले की सर्वांदेखत म्हणायचं, "अहो, डोळे राहिले की. आता पुढच्या आखाजीपर्यंत थांबावं लागेल." लिहून झालेल्या भिंतीला पुन्हा हात लावायचा नाही ही रीत होतीच. म्हणजे अक्कांना एक वर्ष मिळालं असतं. आत्याबाईंना दिसत नव्हतं आणि पुरुष भिंतीकडे नीट बघायचेच नाहीत. मी वाटी उपडी ठेवली आणि सांगितलं, "झालं लिहून." आत्याबाईंनी हात जोडले. घागरी भरल्या, घास टाकले, माणसं जेवली.

दुपारी घर निजलं. बाहेर झळा वाहत होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी मुलाच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवून वळले, तर अक्का भिंतीपुढे उभ्या. त्या कधी आल्या, मला ऐकू आलं नाही.

"डोळे काहून नही लिव्हले?" त्यांनी विचारलं.

मी हळूच माझी युक्ती सांगितली. मला वाटलं, त्या माझा हात धरतील, निदान रडतील. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मले पयल्याच दिवाळीले समजलं व्हतं."

मला अर्थ लागेना. त्यांनी शांतपणे सांगितलं. पत्रं थांबल्यावरच्या दिवाळीत त्या जळगावच्या बाजाराला गेल्या होत्या. तिथे एक माणूस आमच्या घरचा पत्ता विचारत होता. गोदीत भाऊजींबरोबर होता. त्याने सांगितलं की ते पटकीने गेले, दोन दिवसांत, निघायच्या तयारीत असताना. अक्कांनी त्याला घरी आणलं नाही. बाजारातूनच वाटेला लावलं.

"मी बाईस वरसांची व्हती," त्या म्हणाल्या. "सांजच्याले बांगड्या फोडल्या असत्या माह्या. मंग मागच्या खोलीत बसाले लागलं असतं, जिंदगीभर. मी म्हटलं, आज नको. उद्या सांगू. आसं करता करता बारा वरसं झाली."

त्या खाटेवरच्या माझ्या मुलाकडे बघत होत्या.

"त्याले तहान लागली आसीन, हे मले दर आखाजीले मालूम व्हतं. माह्या कुंकवापायी मी त्याले दारात उभं ठेवलं. आता त्यानं तुह्या पोराले धरलं. आत्याबाई खरं बोलता."

"अक्का, तो ताप आहे. डॉक्टर म्हणाले ना, मुदतीचा ताप," मी म्हटलं. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

त्या आत गेल्या आणि आपली काजळाची डबी घेऊन आल्या. "उद्यापासून मले लागनार नही," एवढंच म्हणाल्या. काडी घेतली नाही. करंगळी काजळात बुडवली आणि त्या उंच माणसाला डोळे दिले, आधी एक, मग दुसरा. हाताला वळण नव्हतं असं कोण म्हणेल. इतके नीट डोळे त्या भिंतीवर मी कधी लिहिले नव्हते. मुलाने पाणी मागितलं, तेव्हा मी उठले. अक्का उठल्या नाहीत.

"हे कोनाले सांगू नको," त्या म्हणाल्या. "तू येतीन येतीन म्हनायची, तेव्हा मले तुह्यासमोर सगळ्यात जास्त लाज वाटायची."

मी इतकी वर्षं त्यांना धीर देत होते असं समजत होते. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण तेवढंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुष नदीवर गेले आणि बायका घरी आल्या. अक्कांना पाटावर बसवलं. एका म्हातारीने त्यांचा हात उंबऱ्यावर टेकवला आणि बांगड्यांवर दगड घातला. काच उडाली, तशा अक्का रडायला लागल्या. त्या अशा रडल्या की दोघीतिघींनी त्यांना धरलं तरी त्या आवरेनात, आणि शेवटी त्यांचा आवाज बसला. बायका आपसात बोलू लागल्या, बारा वर्षं झाली, तरी बाई आजच गेल्यासारखी रडते. मी दाराशी मुलाला घेऊन उभी होते. अक्का त्या दिवाळीचं रडत होत्या, जळगावच्या बाजारातलं, आणि ते मला सोडून तिथे कुणालाही माहीत नव्हतं.