आमचे हे, आमचे व्याही आन् दोघांचे साहेब

आज वेल्ह्यात आमच्या नातीचं बारसं झालं बरं का! लई गोड हाय, कान माझ्यावर गेल्यात. तर सांगत काय व्हते, पाळणा हलायच्या आधीच पेपरातल्या गर्भपाताच्या बातमीवरनं व्याही आन् आमच्या ह्यांची जुंपली.

व्याही माळकरी, एका पक्षाचे; हे दुसऱ्या पक्षाचे, आन् दोघांचे साहेब खासदार. व्याही म्हणले, "गर्भपात म्हंजी पाप."

हे म्हणले, "मग तुमच्या साहेबांनी दिल्लीत गर्भपाताची मुभा वाढवणाऱ्या कायद्याला हात का वर केला?"

व्याही उसळले, "आन् तुमी म्हणता बाईची मर्जी, तर तुमच्या साहेबांनी त्याच कायद्याला इरोध का केला?"

झालं! व्याह्यांनी पिशवी उचलली. "म्या भोरच्या यष्टीनं निघालो!" लेकीच्या घरनं बाप उपाशी जाणार म्हणून सूनबाईच्या डोळ्यात पाणी.

म्या म्हणलं, "आवो, मग दोघं पक्षाची अदलाबदल करा की!"

दोघं एकदमच वरडले, "न्हाई!"

सगळा मांडव हसला. व्याही बी हसत पाटावर बसले.

सूनबाई डोळं पुसत म्हणली, "बाळंतीण मी. माझं मत कुणी इचारलं का?"

दोघं पुरणपोळी खायला लागले.

आता पाहुणे गेले की म्या इचारणार हाय तिला. तुमच्या घरी कुणी इचारतं का वो?