डिकीवरचा तळहात

त्या दुपारी वाकोल्याच्या आमच्या खोलीत मी सुकट निवडत बडबडत होते आणि ह्यांचा तळहात माझ्या पाठीवर होता. कान पूर्ण गेल्यापासून हे मला असेच ऐकायचे. हात घसरला तेव्हा वाटलं, कंटाळले. मी आणखी जोर लावून शेजारणीची चुगली चालूच ठेवली... वळून पाहिलं तर हे गेलेले. महिना उलटून गेला. माझी पाठ अजून वाट बघते.

ऐंशीच्या दशकात हे साकीनाक्याच्या एका गल्लीत गाड्यांना अ‍ॅम्प्लिफायर जोडून द्यायचे. बॅटरीपासून जाड लाल वायर गालिच्याखालून डिकीत न्यायची, तिथे अ‍ॅम्प्लिफायर, त्याच्या बाजूला प्लायवूडच्या खोक्यात वूफर, म्हणजे खोल घुमणारा मोठा स्पीकर. मी तेव्हा नवी नवरी; अक्कल बेताची, तोंड मात्र अफाट. दसऱ्याला डबा घेऊन गेले, तर एका गाडीच्या डिकीत ह्यांनी रंग खरवडून रुपयाएवढा पत्रा उघडा केलेला. अर्थिंगची काळी वायर तिथे कसायची होती. मला वाटलं, ही पूजेचीच जागा! तेलात कालवलेलं हळदकुंकू चांगलं थापलं. ह्यांनी न बघता वायर कसली, कॅसेट लावली, तर वूफर नुसता खरखरायला लागला.

“अहो, मालच खराब दिसतोय,” मी शहाणपणा केला.

ह्यांनी नट काढला आणि लालपिवळं झालेलं बोट माझ्या नाकासमोर धरलं. “वूफरची ओटी भरलीस काय गं?”

सगळी गल्ली हसली. ह्यांनी पत्रा पुन्हा खरवडला, वायर कसली आणि माझा हात डिकीवर दाबून धरला. “कानाने नको, हाताने बघ. खरा बास पत्र्यात कळतो.” चारचौघांत नवऱ्याने हात धरला म्हणून लाजावं, तर ही बया ओरडते, “ह्याहून माझा आवाज मोठा आहे!”

बंद गाड्यांत बसून आवाज तपासता तपासता ह्यांचे कान गेले. कानाचं यंत्र शिट्ट्या मारायचं, ते काढून टाकलं. मग एकदा माझ्या पाठीवर तळहात ठेवून म्हणाले, “बोल गं.” शब्द कळायचे नाहीत, पण मी चिडलेय की हसतेय, ते कधी चुकलं नाही.

नात म्हणते, “आजी, बोल ना, मी ऐकते.” तिचे कान धडधाकट आहेत. मला त्यांचं काय करायचंय...

वूफरचं एक रिकामं खोकं घरात आहे. काल कोणी नसताना त्याच्यावर तळहात ठेवला आणि जोरात हाक मारली, “अहो!” प्लायवूड थरथरलं. मी गप्प झाले. तेही गप्प झालं.