मारुती म्हणून जाळलेलं वानर

इब्रामपूरच्या बाजूला काजूच्या बागेत वानर मरून पडलंय, असा निरोप आला तेव्हा मी डिचोलीला गुरांची डॉक्टर म्हणून नुकतीच लागले होते. पलीकडे सिंधुदुर्गात माकडतापाने माणसं दगावली होती, म्हणून मेलेलं माकड तपासायचं काम आमच्याकडे आलं होतं.

मी पोचले तोवर गावकऱ्यांनी वानराला आंघोळ घालून, शेंदूर लावून खुर्चीत बसवलं होतं. गळ्यात अबोलीचा वळेसर. मान कलंडू नये म्हणून देवळाच्या महाजनांचा मुलगा मागून डोकं धरून उभा होता. त्याचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं.

"मला फक्त नमुना घेऊ द्या, काका," मी महाजनांना म्हटलं. "याला ताप असला तर अंगावरचे गोचीड चावून तो तुम्हालाही येईल. निदान कुणी हात तरी लावू नका."

"बाय, तो मारुती. तेका कापूक देवचंव नाय," ते शांतपणे म्हणाले.

मुलाने वानर उचलून स्वतःच चितेवर ठेवलं. मी गाडीजवळ उभी राहून धूर बघत होते.

थोड्याच दिवसांत त्या मुलाला ताप भरला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि इस्पितळातच तो दगावला. नंतर मी घरोघर फिरले. मेलेल्या माकडाला शिवू नका, रानात जाताना अंगभर कपडे घाला, माकडं मारून ताप जात नाही, गोचीड रानातच राहतात. या वेळी सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं. मला बरं वाटलं होतं.

पुढच्या काजूच्या हंगामात पुन्हा निरोप आला. बागेत वानरांचा कळपच मरून पडला होता. जवळ कुणी येईना. लांबूनच एकाने काठीने दाखवलं. एका मादीला तिचं पिल्लू मेलेलंच चिकटून होतं. मी तिचं पोट उघडलं तर आत पिकलेली केळी आणि निळसर दाणे. कीटकनाशकाचा वास मास्कमधूनही आला.

महाजन झाडाखाली उभे होते.

"हे तापाने मेले नाहीत, काका. कुणीतरी केळ्यांतून विष घातलंय."

"मीच घातलंय," ते म्हणाले. "माकडापासून ताप येता म्हणून तूच सांगलंस मगे. पयल्यांदा आयकूक नाय, तर झील गेलो. आता आयकलंय."

मी काय सांगितलं होतं ते मला पाठ होतं. पण मुलगा गेलेल्या बापाशी तो वाद कुठे घालायचा?

मी अहवालात विषबाधा लिहिली. वनखात्याचे लोक आले. त्यांच्यापुढेही महाजनांनी कबूल केलं, पण गावाने सांगितलं, मुलाच्या दुःखाने त्यांचं डोकं फिरलंय. ते लोक परत गेले.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावात पुन्हा ताप आला. बागेत तेव्हा एकही वानर उरलं नव्हतं. मला कुणी कळवलं नाही, पेपरात वाचलं.