पिकअपची पायरी

बिडकीनला माझ्या शेजाऱ्यानं चार दारांची नवी पिकअप घेतली, तेव्हा मीबी संगं होतो. शोरूमवाला इंजिनाची ताकद सांगत होता. ह्यानं मधीच तोडलं, "ते ऱ्हाऊ द्या. हिचे गुडघे दुखतात, पायरी बसवता का?"

आता दुष्काळात दोघं नवरा-बायको रोज मागं ड्रम टाकून पाणी आणतात. निघताना तो दर खेपेला विचारतो, "बसलीस का नीट?" ती खेकसते, "व्हय हो, चला आता!" माझी बायको औंदा गेली. मला गाडीपेक्षा त्या खेकसण्याचा लई हेवा वाटतो.

काल म्हणाला, "काका, चला संगं." त्यांचं बोलणं कानावर नको म्हणून मी मागं ड्रमांपाशी चढलो. त्यानं खिडकीतून मान काढून विचारलंच, "काका, बसलात का नीट?"

मी ड्रमावर दोनदा थाप मारली, चल म्हणून.