कडुनिंबाखालची शेंदरी फळी

माझी धाकटी बहीण लाकडावर चित्रे काढते. त्यांत माणूस नसतो, झाड नसते. पाडलेल्या घरांच्या जुन्या दारांवर ती भडक रंगांचे मोठमोठे पट्टे आणि गोळे रंगवते. आसगावात याची बरीच थट्टा होते. ती मी खपवून घेत नाही, हे गावाला ठाऊक आहे. माझ्या तक्रार-अर्जांचा ग्रामपंचायतीला पुरेसा अनुभव आहे.

धानकापणीच्या दिवसांत तिने एक रुंद सागवानी फळी पूर्ण केली. शेंदरी जमीन, मधोमध दोन काळे गोळे. नागपूरच्या प्रदर्शनात जाणारे तिचे हे पहिलेच चित्र. रंग वाळावा म्हणून संध्याकाळी तिने ती दारासमोरच्या कडुनिंबाला टेकवून ठेवली. सकाळी पाहतो तर फळीवर हळदकुंकू, पुढे फोडलेला नारळ आणि उदबत्त्या. शेंदूर आणि दोन डोळे पाहून लोकांनी तिला गावदेवी मातामाय मानले होते.

दुपारी प्रदर्शनाची गाडी यायची होती आणि फळीला हात लावायला कोणी धजत नव्हते. माझा संताप अनावर झाला. देवता ही कायद्याने व्यक्ती असते, तिच्या नावे मालमत्ताही राहू शकते. परंतु प्राणप्रतिष्ठेवाचून देवता नाही, सबब ही वस्तू माझ्या बहिणीचीच, असा अर्ज मी एका बैठकीत लिहिला आणि झाडाखाली मोठ्याने वाचून दाखवला.

नारळ फोडणारी शेजारची म्हातारी म्हणाली, "भाऊ, तुमचा कागद मातामायले वाचता येते का?"

"ती फळी आहे!"

"मंग उचला न. कोण धरून राहिलं तुमाले?"

मी पुढे झालो, तोच बहिणीने मला थांबवले आणि ती म्हातारीजवळ जाऊन बसली. "मावशी, हे मी काढलं. नागपूरले दाखवायचं हाये मले."

"परत आणशीन?"

"कोणी घेतलं नाही तं आणीन."

"मले काय सांगून राहिली? तिले सांग."

मला वाटले, बहीण हसेल. ती उठली, पदर सावरून फळीसमोर उभी राहिली आणि तेच वाक्य शांतपणे म्हणाली. मग एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला म्हातारी, अशी दोघींनी फळी गाडीत चढवली.

ओल्या रंगात कुंकू रुतून बसले होते. कलाकृतीतला हा अनधिकृत फेरफार तत्काळ पुसावा, असे मी बजावले.

"राहू दे, भाऊ," ती म्हणाली. "बरं दिसून राहिलं."