नारळ फोडल्यानंतर घेतलेली अर्धी गोळी

माणिकआण्णांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. कळंबात एका लग्नाचा मांडव ते घालत होते आणि मी खालून ओरडत होतो, की कोपऱ्यातला बांबू हलतोय. आण्णा उतरले, बांबू हलवून पाहिला, दोर पुन्हा आवळला आणि म्हणाले, "भ्यायचं काम चांगलं करता तुम्ही. उद्यापासून माझ्याकडं या." तेव्हापासून मी त्यांच्या मांडवाखाली भीत उभा आहे. आज आण्णा पंचाहत्तर वर्षांचे झाले, आणि मला इतका आनंद झालाय की चौथी शिकलेल्या हातानं हे लिहायला बसलोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आण्णांच्या हाताखालचा एकही गडी गुटखा खात नाही. पूर्वी सगळेच खायचे. एकाला बांबूवर चक्कर आली, तेव्हा आण्णांनी सगळ्यांना देवीच्या देवळात नेलं. आधी स्वतःची तंबाखू सोडली, नारळ फोडला, मग एकेकाकडून फोडून घेतला. आमच्याकडं नारळ फोडून सोडलेली वस्तू परत तोंडाला लावत नाहीत. गडी आण्णांना भ्यायचे, त्याहून नारळाला जास्त भ्यायचे.

पुढं नळदुर्गजवळ मांडव घालताना आण्णा पडले. पाठीचं ऑपरेशन झालं. दुखू नये म्हणून डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळ्या दिल्या. हाड जुळलं, गोळ्या मात्र सुटल्या नाहीत. जुनी चिठ्ठी दाखवून ते आणत राहिले. कामाआधी एक, जेवणाआधी एक, झोपेला एक. ताटावर बसल्या बसल्या डुलकी लागायची. ज्यांची गाठ कधी सुटली नाही, त्यांच्या हातून गाठी सैल पडू लागल्या. आता हे पुन्हा पडणार, याच काळजीनं मी अर्धा झालो.

मग एके सकाळी आण्णांनी आम्हाला देवळात बोलावलं, नारळ फोडला आणि सगळ्या गोळ्या पेटत्या चुलीत टाकल्या. तंबाखू सुटली तशी गोळीही सुटेल, असं त्यांना वाटलं. आम्हालाही वाटलं. दोन-तीन दिवसांत घामानं अंथरूण भिजलं, हातपाय थरथरू लागले, पोटात पाणी ठरेना. आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई आम्हालाच रागावल्या. शरीराला गोळीची सवय झाली आहे, ती एकदम तोडायची नसते. पुन्हा सुरू करून हळूहळू कमी करायची, असं त्यांनी समजावलं.

आण्णा ऐकेनात. "नारळ फोडलाय, बाई. म्या गोळी घेतली आन उद्या गड्यांनी गुटख्याच्या पुड्या फोडल्या, तर कुन्या तोंडानं बोलू?"

त्यांच्या शब्दावर वीस घरची माणसं शहाणी झाली होती, म्हणून त्यांचा जीव अडला होता. शेवटी आण्णांच्या बायको, आमच्या वहिनी, बोलल्या. "मांडव उतरवताना आदी कापड, मग आडवे, मग खांब, असं जन्मभर गड्यांना सांगितलं. सोताचा मांडव तेवढा सगळे दोर कापून पाडायचा व्हय?"

आण्णा म्हणाले, गड्यांना बोलवा, देवळातच.

पायरीवर बसून, हातात अर्धी गोळी धरून ते सगळ्यांसमोर बोलले. "नारळ फोडायची घाई केली म्या. ही डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यानं घेतोय, तुमच्यासमोर घेतोय. चोरून घेताना दिसलो, तर मला बांबूवर चढू देऊ नका."

बबन नावाचा आमचा टिंगलखोर गडी हळूच म्हणाला, "मग आमाला बी अर्धी पुडी चालंल का, आण्णा?"

"आन की डॉक्टरची चिठ्ठी," आण्णा म्हणाले, आणि गोळी गिळली.

सगळे हसले. पुडी मात्र कुणीच फोडली नाही. मी कितीतरी दिवस प्रत्येकाच्या तोंडाचा वास घेत फिरत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

गोळ्या वहिनींच्या ताब्यात गेल्या. डॉक्टरीणबाई त्या हळूहळू कमी करत गेल्या. मध्ये एकदा दुखणं उसळलं, तेव्हा काही दिवस तेवढ्यावरच थांबावं लागलं. मी रडकुंडीला आलो, आण्णा नाही. कितीतरी महिन्यांनी बाई म्हणाल्या, आता गोळी नको. मी आनंदानं नारळ आणायला धावलो, तर आण्णांनी मला हाताला धरून बसवलं. म्हणाले, देवीला सगळं ठाऊक आहे, चहा घे.

पाठ अजून दुखते. आण्णा व्यायाम करतात, शेकतात आणि खालून गाठी सांगतात. कुणाची अशी गोळी सुटत नसली, की माणूस आण्णांकडं येतो. आण्णा त्याला एकदम सोडू देत नाहीत, स्वतः दवाखान्यात घेऊन जातात. परवा तुळजापूरकडचा एक ट्रक ड्रायव्हर लाजून दारातच उभा होता. आण्णांनी त्याला आपल्या शेजारी बसवून आधी जेवू घातलं. हे सगळं लिहू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "लिही, पन गोळीचं नाव लिहू नको. उद्या कुनी दुकानात जाऊन मागंल."

आण्णा, तुम्हाला पुष्कळ आयुष्य मिळो, हे सगळेच मागतील. मी आणखी एक मागतो. पाठ दुखली, की चारचौघांत 'दुखतंय' म्हणत जा. तुम्ही तसं म्हणता, म्हणून आम्हालाही आमचं दुखणं सांगायची लाज वाटत नाही.