शिंक्यातला चहा

मनकर्णाबाईंच्या दारात एक बोरीचं झाड आहे. लग्न होऊन आल्या तेव्हा जामखेडकडच्या माहेरून त्यांनी पदराच्या गाठीत बी आणलं आणि उंबऱ्यापासून चार पावलांवर पुरलं. झाड तेवीस वर्षांचं झालं, दरवर्षी लगडतं, आणि या तेवीस वर्षांत त्याचं एकही पिकलं बोर त्यांच्या तोंडात गेलं नव्हतं. बोर पिकतं थंडीत. थंडीत मनकर्णाबाई आणि त्यांचे मालक सहादेव ऊस तोडायला गेलेले असतात. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर येतो, दाराला कुलूप लागतं, ते होळीच्या आसपास उघडतं. तोवर झाडाखाली नुसत्या बिया.

"शेरडांनी खाल्ली, पोरांनी खाल्ली, पाखरांनी खाल्ली," त्या मला म्हणाल्या होत्या. "लावली म्या, आन् चव इचारावी लागती शेजारणीला."

ती शेजारीण म्हणजे माझ्या भाच्याची बायको पंकजा. मी चाळीस वर्षं तमाशाच्या तंबूत काढली. राजा झालो, प्रधान झालो, शेवटी शेवटी दारुड्याची कामं केली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा बहिणीचा मुलगा बिभीषण मला कर्जत तालुक्यातल्या या वस्तीवर घेऊन आला. इथे बाकी सगळे मला मास्तर म्हणतात. घरापुढे धरणाने अडवलेल्या भीमेचा फुगवटा, समुद्रासारखं पाणी. पहिल्या दिवशी ते बघून मी पंकजाला म्हणालो, "एवढा मोठा रंगमंच, आणि प्रेक्षक एक मी." ती म्हणाली, "मामा, आधी चहा घ्या, गार होतोय."

बिभीषण होडीवाला. काठावर अशा सात होड्या आहेत आणि त्या सातांचा म्होरक्या तो. थंडीत रोहित पक्षी येतात, त्यांना बघायला पुण्याकडून, नगरकडून माणसं येतात. इंजिनाच्या आवाजाने पक्षी उठतात म्हणून यांनी होड्यांना शिडं लावली. ताडपत्रीची, दाभणाने शिवलेली. वारा भरला की होडी एका अंगावर कलते आणि आवाज न करता पक्ष्यांच्या जवळ सरकते. पाहुणे तीन-तीन तास पाण्यावर बसतात, थंडीने काकडतात आणि हटकून विचारतात, "चहा नाही का हो?"

नाही. कारण दोन वर्षांपूर्वी एका पाहुण्याने थर्मास आणला होता. त्याने चहा ओतायला आणि होडी कलायला एकच गाठ पडली, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या सासऱ्याची मांडी भाजली. तेव्हापासून सात होड्यांचा ठराव झाला: होडीत गरम काही न्यायचं नाही.

हा ठराव मोडायचं मनकर्णाबाईंनी नवरात्रात मनावर घेतलं. बिभीषणच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "भाऊ, मला तुमच्या होडीत चहा द्यायला घ्या. रोज येक होडी, पाळीपाळीनं. सांडला तर माझी जबाबदारी."

"वहिनी, भाजल्यावर जबाबदारी घेऊन काय करनार? हळद लावनार?"

"भाजूच देनार न्हाई."

"कसं?"

"ते बघते म्या. तुमी व्हय म्हना."

सहादेव बाजूला तंबाखू मळत होता. मितभाषी माणूस, पण बोलला की करवतीने कापल्यासारखं. "हिला यंदा घर सोडायचं न्हाई," तो म्हणाला. "मुकादमाला म्या अजून सबूद दिला न्हाई. हिचं जमलं तर मी बी ऱ्हातो, बागायतदारांकडं हितं रोजानं काम हाय. न्हाई जमलं तर गप टॅक्टरात बसायचं, आन् पुन्यांदा बोरीचं नाव काढायचं न्हाई."

बिभीषणने विचार केला. "दिवाळी होऊ द्या. पाहुन्यांच्या आधी आपन आपल्यात करून बघू. येक थेंब सांडला न्हाई तर बसा होडीत."

मुकादम रामहरी भाऊबीजेनंतरच्या सोमवारी सकाळी येणार होता. शुक्रवारी दुपारी, वारा चांगला सुटल्यावर, बिभीषणने होडी काढली. पाहुणा म्हणून मला बसवलं. मी मुद्दाम धुतलेलं पांढरं धोतर नेसलो होतो. बिभीषण म्हणाला, "झकास. मामा, तुमचं धोतरच पंच."

मनकर्णाबाईंनी दोन दिवस खपून तयारी केली होती. होडीच्या मध्यावर फळी, फळीवर परात, परातीत झाकणाची किटली आणि चार ग्लास, आणि हे सगळं सुतळीने असं आवळलेलं की सुरीशिवाय सुटणार नाही. ऊसतोडीतला हात तो. मोळी बांधायची तर कचकून, गाडी भरायची तर कचकून. सैल राहिलं की वाटेत सांडलं. आयुष्यभर हातांनी जे शिकलं तेच त्यांनी इथे केलं.

"हाललं तर नाव बदला," त्या म्हणाल्या.

हललं काहीच नाही. शिडात वारा भरला, होडी डावीकडे कलली, आणि तिच्याबरोबर फळी कलली, परात कलली, ग्लासही कलले. बांधलेले सगळे जागच्या जागी राहिले आणि त्यांच्यातला चहा तेवढा निघाला. माझ्या धोतरावर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत नकाशा उमटला.

बिभीषणने होडी वळवली. काठाला लागल्यावर मनकर्णाबाई सुतळी सोडायला लागल्या, पण गाठी इतक्या पक्क्या की त्यांच्या स्वतःच्या बोटांना सुटेनात. सहादेव काठावर उभा होता. त्याने खिशातून चाकू काढून दिला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. भांडी भरायला घेऊ."

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. त्या कोयत्याला धार लावत बसल्या होत्या. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की नटाला दुसरं काही येत नाही, तो गोष्ट सांगतो. मी म्हणालो, "बाई, मी बारा वर्षं दारुड्याचं काम केलं. ग्लासात कोरा चहा, काठोकाठ. मांडवभर झोकांड्या खात फिरायचो, लोक हसून हसून लोळायचे, आणि ग्लासातला थेंब सांडायचा नाही."

"खोटं," त्या धार न थांबवता म्हणाल्या.

"आणा ग्लास."

त्यांनी पाण्याचा ग्लास भरून दिला. गुडघे कुरकुरले, तरी उठलो. ग्लास खालून मुठीत धरला आणि झोकांडी खाल्ली; पाणी ओट्यावर. "हे नवशिक्याचं," मी म्हणालो. मग परत भरून घेतला आणि माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं तसा वरून धरला. पाच बोटं काठावर, ग्लास खाली लोंबता, मनगट मेल्यासारखं सैल. भिंतीपासून तुळशीपर्यंत झोकांड्या खात गेलो आणि आलो. ग्लास आपला घंटेच्या लोलकासारखा झुलत होता. थेंब सांडला नाही.

"अंग डुलतं तेव्हा ग्लासाला धरून ठेवायचं नाही," मी म्हणालो. "त्याला त्याचं लोंबू द्यायचं."

मनकर्णाबाईंचा हात कोयत्यावर थांबला. त्यांनी माझ्या हातातला ग्लास बोटाने ढकलून झुलवून बघितला. मग म्हणाल्या, "गाडीत शिंकं आस्तंय."

"काय?"

"बैलगाडीत, मास्तर. उसाच्या. आमी दुधाचा गडू शिंक्यात ठिवून गाडीच्या तळाखाली टांगतो. खड्ड्यानं मानूस उडतंय, दूध उडत न्हाई." त्या उठल्या. "लई येडी म्या. तेवीस वर्सं दूध टांगलं आन् चहा बांधून ठिवला."

शनिवारचा पूर्ण दिवस त्यांचं अंगण सुतारशाळा झालं होतं. सहादेव मला ऐकू येईल असं पुटपुटला, "मास्तर, तुमी हिला आनखी नादाला लावलं." पण तीन बांबू तासले त्यानेच. बांबूंची तिकटी झाली, तिचे पाय होडीच्या फळ्यांना घट्ट. तिच्या टोकाला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या वळून केलेलं शिंकं, सैल, तळापासून वीतभर वर. शिंक्यात टोपलं, टोपल्यात ओली वाळू. जड राहावं, फार झुलू नये. वाळूत रोवलेली किटली आणि चार छोटे गडू. ग्लास नाहीतच. गडूला बूड रुंद, पोट मोठं, तोंड लहान. बाहेरून सुती चिंधी गुंडाळलेली, हात पोळू नये म्हणून. "आन् गळ्यापतुर भरायचं न्हाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अर्धा. पायजे तर दोनदा घ्या." चहा ओतायचा तोही गडू टोपल्यातच ठेवून, म्हणजे किटली झुलली तर गडूही तिच्याबरोबर झुलेल.

रविवारी दुपारी परत तोच वारा, तीच होडी. काठावर बाकीचे होडीवाले जमले होते. म्हातारा भीमा होडीवाला मला म्हणाला, "मास्तर, आज धोतर बदलून आलाव. परवाचं वाळलं न्हाई व्हय?"

शीड भरलं. होडी कलली. शिंकं मात्र सरळ उभं राहिलं, जणू होडीशी त्याचा काही संबंध नाही. मनकर्णाबाई खाली तळाशी मांडी घालून बसल्या, टोपल्यात हात घालून दोन गडू भरले, एक बिभीषणला दिला, एक मला. मी चाखला. आलं घातलेला, कडक. होडी वळली, दुसऱ्या अंगावर कलली. गडूत चहा जागेवर. बिभीषण सुकाणूवरून हसला, तेव्हाच मला कळलं की जमलं.

आणि तेव्हाच पाण्यापलीकडून रोहितांचा थवा उठला. शे-दीडशे असतील. एकदम पंख उघडले, आतला तो लाल रंग. मी आयुष्यभर जरीच्या पडद्यांपुढे उभा राहिलो आहे, पण असा पडदा उघडलेला पाहिला नव्हता. माझा उजवा हात आपोआप उंचावला. चाळीस वर्षांची सवय, हात उंचावल्याशिवाय तोंडातून शब्द फुटत नाही. "अहो, बघा," मी म्हणालो, आणि गडूतला सगळा चहा बाहीतून काखेपर्यंत गेला. धोतरावरही.

बिभीषणचं हसू मावळलं. "सांडला," तो म्हणाला.

"बाईंचा नाही," मी म्हणालो. "माझा. मी गाढव."

"मामा, पाहुने बी तुमच्यासारखेच आस्त्यात. पाखरू उडालं की हात वर. म्या काय प्रत्येकाचा हात धरून बसू? ठरलं हुतं, येक थेंब."

तो बरोबर होता, हेच वाईट होतं. मी मनकर्णाबाईंकडे बघू शकलो नाही. सोमवार उजाडायला एक रात्र उरली होती, आणि त्यांचा हिवाळा मी एका हातवाऱ्याने पाण्यात घातला होता.

त्यांनी माझ्या हातातून गडू घेतला, वाळूत रोवला. "भाजलं न्हाई ना?" मला विचारलं. मी मान हलवली. मग बिभीषणला म्हणाल्या, "भाऊ, परत येकदा. आत्ताच. येक नेम ऱ्हायला हुता माझा."

"कंचा?"

"पाखरू उडालं की आधी गडू शिंक्यात, मंग बोट."

"लोक ऐकत्यात व्हय?"

"मी होडीत बसल्या बसल्या सांगनार. शाळेतल्या बाईवानी. आन् जो ऐकनार न्हाई त्याला दुसरा अर्धा न्हाई."

बिभीषणने शिडाकडे बघितलं, उन्हाकडे बघितलं. त्याला बहुतेक नाही म्हणायचं होतं. पण काठावर सहादेव पाण्यात गुडघाभर उतरून उभा होता, आणि तो होडीकडे अशा नजरेने बघत होता की तेवढ्या लांबूनही दिसावी. परवा भांडी भरायला घेऊ म्हणणारा माणूस. बिभीषणने सुकाणू फिरवलं.

परत गडू भरले गेले. परत मी पाहुणा. होडी कलली, वळली, कलली. दोन घोट झाले. आणि माझ्या मागून बिभीषण अचानक ओरडला, "मामा, त्ये बघा, रोहित."

मी कबूल करतो, हात उठला. खांद्यापर्यंत उठला. पण गडू त्यात नव्हता. तो मी आधीच टोपल्यात ठेवला होता, आणि कसा ठेवला ते मला आठवत नाही. बिभीषणने दाखवलं तिकडे आकाश रिकामं होतं. तो लबाड भाचा मला फसवत होता.

"धोतर दाखवा," तो म्हणाला. मी उभा राहून दाखवलं. मघाच्या डागाशिवाय नवीन काही नव्हतं.

"उद्या सकाळी सहाला माझ्या होडीत चार पाहुने हायेत," बिभीषण मनकर्णाबाईंना म्हणाला. "साखर कमी सांगितली तर वेगळी आना."

काठाला लागल्यावर सहादेवने शिंक्यासकट टोपलं उचलून घेतलं. घरी जाताना टोपलं हाताला लोंबतं धरलं होतं, मनगट सैल.

सोमवारी सकाळी रामहरीचा ट्रॅक्टर वस्तीवर आला तेव्हा मनकर्णाबाई पाण्यावर होत्या. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. रामहरी सहादेवला म्हणाला, "मंग येक कोयता कमी धरू?" सहादेव म्हणाला, "व्हय." रामहरीने दाराकडे बघितलं. कुलूप नव्हतं. "चहा तरी पाज," तो म्हणाला, आणि सहादेवने त्याला चुलीवर राहिलेला चहा गडूत दिला. अर्धा.

रोज पाहुणे येतात असं नाही. काही सकाळी धुकं असतं, काही सकाळी सगळे सात होडीवाले काठावर पत्ते खेळतात. पण मार्गशीर्ष गेला, पौष आला, आणि एवढ्या दिवसांत एकदाच सांडला, तोही एका कलेक्टरसारख्या दिसणाऱ्या गृहस्थाकडून, ज्यांनी नेम पाळला नाही. त्यांना दुसरा अर्धा मिळाला नाही. उतरताना त्यांनी माफी मागितली.

परवा मनकर्णाबाईंनी मला हाक मारली. बोरीखाली परात मांडली होती, फांदी हलवून बोरं पाडली होती. पिवळी, काही तांबडी. त्यांनी एक उचललं, पदराला पुसलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटून चावलं. सहादेव, पंकजा आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

"कसं?" सहादेवने विचारलं.

त्यांनी बी थुंकलं. "आंबाट," त्या म्हणाल्या. "माझ्या आईच्या झाडाचं लई ग्वाड हुतं."

"तेवीस वर्सं यासाठी?" सहादेव म्हणाला.

"गप," त्या म्हणाल्या, आणि दुसरं उचललं. मग तिसरं. परात मधे घेऊन त्या बसल्या आणि आम्हाला वाटायचं विसरल्या. शेवटी पंकजाने हात पुढे केला तेव्हा त्या हसल्या आणि परात सरकवली. मी एक खाल्लं. आंबट होतं खरं, पण मागून गोड येत होतं. मी ते सांगायला हात उचलला, तशा मनकर्णाबाई म्हणाल्या, "मास्तर, आधी बी खाली ठिवा."